खुर्च्यांचे पाय

मावशी : सत्तेचाळीस.

भाचा : मावशी, आता मोजत बसू नकोस. परीक्षकांची गाडी फाटकात आलीसुद्धा असेल.

मावशी : वर्गात बारा खुर्च्या, प्रत्येकीला चार पाय. काल मी कुलूप लावलं तेव्हा प्रत्येक पायाला टेनिसचा एकेक चेंडू होता. आता सगळे या पोत्यात, आणि तेही सत्तेचाळीसच.

भाचा : एक फाटला. काढताना.

मावशी : सुट्टीच्या दिवशी सकाळी किल्ली मागितलीस ती याच्यासाठी होय? मला वाटलं, काचा पुसतोयस.

भाचा : काचाही पुसल्या. अगं, शाळेला दोन वर्षं झाल्याशिवाय या वास्तुकलेच्या विभागीय पुरस्काराला अर्जच करता येत नाही. इतकी वाट पाहिली, आज परीक्षक येणार, आणि मी बांधलेल्या खोलीत त्यांना दिसणार काय? हिरवे, पोपटी, टक्कल पडलेले चेंडू. एक तर गुलाबी. सर्कशीतल्या खुर्च्या वाटतात.

मावशी : गुलाबीला काही म्हणू नकोस. त्या खुर्चीसाठी मुलांत मारामारी होते.

भाचा : अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. त्या गेल्या की मी स्वतः बसवून देतो.

मावशी : शोभेला लावले नव्हते रे ते. तुझी जमीन गुळगुळीत, तुझ्या खुर्च्यांचे पाय लोखंडी. एक मूल हललं की किर्र. तुला-मला नुसता आवाज. माझ्या वर्गातल्या मुलांच्या कानात ऐकण्याचं यंत्र आहे, ते शब्द मोठा करतं तसं ते किर्रही मोठं करतं. पहिल्याच आठवड्यात सात जणांनी यंत्रं काढून खिशात टाकली.

भाचा : हे मला कधी बोलली नाहीस.

मावशी : तू कधी विचारलंस? फोटो काढायला आलास तेव्हा खुर्च्याच व्हरांड्यात नेऊन ठेवल्यास.

भाचा : इमारतीचे फोटो रिकामेच काढतात. सगळेच काढतात.

मावशी : मग रिकाम्या इमारतीलाच बक्षीस मागायचं होतंस.

भाचा : टोमणे नंतर मार ना. आज हुकलं तर सोमवारी मी जुन्या साहेबांकडे नोकरीवर हजर. माझ्या ऑफिसला कुलूप, आणि पुन्हा मॉलच्या संडासांचे आराखडे.

मावशी : माहितीय मला. रात्री तुझी आईच सांगत होती, घास उतरत नाहीये तुझ्या घशाखाली. म्हणूनच म्हणते, चेंडू लाव.

परीक्षक : आत येऊ का?

भाचा : या, या मॅडम. मी या शाळेचा आर्किटेक्ट. आणि या इथल्या मुख्याध्यापिका.

मावशी : आणि याची मावशी. आधीच सांगून टाकते, मागून कळलं की वाईट दिसतं.

भाचा : काम नात्यानं मिळालेलं नाही, मॅडम. उलट नात्यापायी संस्थेनं दोनदा परत पाठवलं.

परीक्षक : आणि तिसऱ्यांदा?

मावशी : तिसऱ्यांदा सगळ्यांचे नकाशे नावं झाकून पाहिले.

परीक्षक : हे बरं केलंत. मीही सरळच सांगते. आम्ही तिघं परीक्षक. दोघांची मतं फुटलीत. एक या शाळेला, एक नदीकाठच्या नव्या सभागृहाला. उरले मी. जागा पाहून मत तिथेच द्यायचं, ती वापरणाऱ्यांसमोर, असा आमचा नियम आहे. आणि खरं सांगू? फोटोत ही खोली मला आवडली नव्हती. भिंती तिरक्या, छताला गोधड्या लोंबतायत.

भाचा : तो लोकरीचा जाड नमदा आहे, मॅडम, आवाज शोषून घेतो. भिंती समांतर ठेवल्या की आवाज त्यांच्यात टोलवत राहतो, म्हणून थोड्या तिरक्या. आणि खिडकी अशी, की उजेड शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडावा, मुलांना ओठ दिसावेत...

परीक्षक : थांबा. आधी बसते जरा. आई गं.

मावशी : काय झालं?

परीक्षक : काही नाही. खुर्ची ओढली तर... चालू द्या तुमचं.

मावशी : उजव्या कानात यंत्र आहे तुमच्या.

परीक्षक : काय म्हणालात?

मावशी : खुर्ची वाजली नि हात थेट तिकडे गेला. केसांखाली दिसत नाही, पण मी दिवसभर हेच बघते हो.

परीक्षक : चार वर्षं झाली. माझ्या ऑफिसात अजून कुणाला पत्ता नाही. पण मग हे काय? कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा वर्ग, आणि खुर्ची कानात सळई घालते? याच्यापुढे भिंती कितीही तिरक्या करा, मला काय त्याचं?

भाचा : मॅडम, ते पोतं...

परीक्षक : कसलं पोतं?

भाचा : यात टेनिसचे चेंडू आहेत. हिनं खुर्च्यांच्या पायांना लावले होते. आज सकाळी मी काढले, खोली नेटकी दिसावी म्हणून. खुर्च्या मी नकाशात काढल्या होत्या, पण नकाशात त्या कुणी ओढत नाही.

परीक्षक : चेंडू यांनी लावले, काढले तुम्ही.

भाचा : हो. मत देताना हेही धरा.

परीक्षक : धरणारच. द्या इकडे एक.

भाचा : मॅडम, तुम्ही नका खाली बसू. कपडे...

परीक्षक : धुता येतात. चीर कुठेय याला?

मावशी : ही इथे. दोन्ही बाजूंनी दाबा, चीर तोंड उघडते. मग पाय आत सारायचा. हां. पहिल्याच खेपेला जमलं तुम्हाला. याला अख्खी सकाळ लागली असेल.

भाचा : काढायला सोपे होते.

मावशी : बोलू नकोस, हात चालव. पलीकडच्या सहा तुझ्या.

परीक्षक : हा गुलाबी कुठला?

मावशी : खिडकीजवळच्या खुर्चीचा. मागचा डावा पाय. दुसरीकडे लावलात तर उद्या माझी खैर नाही.

भाचा : एक पाय उघडाच राहिला.

मावशी : तुझा रुमाल बांध. घट्ट.

परीक्षक : झालं? मी बसते. आता तुम्ही एक खुर्ची ओढा बघू, माझ्या मागे.

भाचा : ओढली, मॅडम.

परीक्षक : कधी?

भाचा : आत्ताच. सगळ्या ओढल्या.

परीक्षक : थांबा. तुम्ही मागे उभे आहात. मला तुमचं तोंड दिसत नाहीये.

भाचा : हो. पुढे येऊ का?

परीक्षक : नको. तिथूनच बोला. काहीही.

भाचा : काय बोलू?

परीक्षक : तेही ऐकू आलं.

मावशी : नुसतं वाटून घेऊ नका, मोजू या. मुलांची दर महिन्याला घेते तशी चाचणी घेते तुमची. तुम्ही त्या टोकाच्या खुर्चीवर बसा. मी फळ्यापाशी उभी राहून, तोंडासमोर कागद धरून पंचवीस शब्द म्हणते, बोलतो तेवढ्याच आवाजात. तुम्ही म्हणून दाखवायचे.

परीक्षक : गेल्या महिन्यात नातीनं घेतली होती माझी. मी पूर्वी बांधलेल्या एका सभागृहात, शेवटच्या रांगेत. त्याला हाच पुरस्कार मिळाला होता. पंचवीसपैकी अकरा आले.

मावशी : मग बसा. पाट.

परीक्षक : पाट.

मावशी : दोर.

परीक्षक : दोर.

मावशी : खीळ.

परीक्षक : खीळ. जरा भरभर म्हणा, बाई. लहान मुलासारखं नका वागवू.

मावशी : इथे सगळ्यांना सारखंच वागवतात. ढग.

परीक्षक : ढग.

(शब्द संपेपर्यंत भाचा दाराशी उभा राहतो.)

मावशी : हा शेवटचा. माप.

परीक्षक : माप. किती आले?

मावशी : आधी तुमचं मत.

परीक्षक : हे काय? चाचणी माझी, आकडा माझा.

मावशी : आकडा ऐकून मत दिलंत तर ते माझं होईल. तुम्हाला काय ऐकू आलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच की.

परीक्षक : तुमच्या मावशी नेहमी अशाच का हो?

भाचा : आज पाहुण्यांसमोर म्हणून जरा मऊ आहेत.

परीक्षक : ठीक आहे. माझं मत या शाळेला. म्हणजे तिघांपैकी दोन मतं झाली, आणि विभागाचं यंदाचं पहिलं पारितोषिक तुमचं. सकाळी केलेला आगाऊपणा धरूनसुद्धा. अहो, खाली काय बसताय? खुर्च्या आहेत की.

भाचा : बसतो, मॅडम. जरा... बसतो.

मावशी : आईला फोन लाव आधी. माझ्याकडे काय बघतोस? डोळे पूस. रुमाल खुर्चीला आहे, बाहीला पूस.

भाचा : साहेबांनाही लावायचाय. सोमवारी येत नाही म्हणून. संडास तुमचे तुम्हीच काढा म्हणून.

परीक्षक : शेवटचं वाक्य पारितोषिक हातात पडल्यावर बोला. आणि माझी एक अट आहे. पुरस्काराच्या पुस्तकात ते रिकाम्या खोलीचे फोटो चालणार नाहीत. मुलं बसलेली हवीत, आणि खुर्च्यांचे पाय दिसले पाहिजेत.

भाचा : गुलाबीसकट?

परीक्षक : गुलाबी पुढे. आता सांगा, बाई. किती आले?

मावशी : पंचवीसपैकी तेवीस.