वुलार्त साहेबांच्या दिवाणखान्यात 'बर्फाची पाळी'

मी, ओदील वांदेवाल, वय ६३ वर्षे, धंदा पूर्वी डब्यांत मासे भरण्याच्या कारखान्यात कामगार, आता निवृत्त, राहणार जुनी गोदी गल्ली, पीतरहाव्हन, डंकर्कजवळ. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे.

श्री. लुसियें वुलार्त यांनी दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. कार्निव्हलच्या रविवारी संध्याकाळी अनोळखी इसमांचा जमाव घेऊन मी त्यांच्या घरात घुसले आणि परवानगीशिवाय सिनेमा दाखवला, असं तिच्यात म्हटलं आहे. पैकी सिनेमा दाखवला हे खरं आहे. घुसले हे खोटं. अनोळखी तर मुळीच नाही, त्यांच्या कारखान्यात बांगडे भरण्यात माझा जन्म गेला.

फ्लोरीन ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती वुलार्त साहेबांच्या कारखान्यात बर्फाच्या पाळीला, म्हणजे बर्फाच्या खोलीत मासा रचायच्या पाळीला, कामाला होती. तिथल्या मुकादमाने तिच्यावर जबरदस्ती केली. तिने याच ठाण्यात तक्रार दिली. त्या वेळी इथे दुसरे फौजदार होते. दुसरी एकही बाई त्याच्याबद्दल बोलायला पुढे येत नाही, तेव्हा तुमच्या एकटीच्या शब्दावर काय करायचं, असं म्हणून प्रकरण बंद झालं. मुकादम कामावर राहिला. फ्लोरीन लील शहराला निघून गेली, सिनेमाचं काम शिकली आणि तिने याच गोष्टीचा सिनेमा केला. त्याचं नाव 'बर्फाची पाळी'. मुख्य काम लीलच्या एका नटीने केलं आहे. कारखान्यातल्या बाया आम्हीच आहोत. मला एक वाक्य आहे, "आज मासा कमीच दिसतोय." ते मी चांगलं म्हटलं आहे, असं सगळे म्हणतात.

सिनेमा पॅरिसमध्ये दाखवला, ब्रसेल्समध्ये दाखवला. फ्लोरीनचं एकच म्हणणं होतं की तो आपल्या गावात दिसला पाहिजे. ती म्हणाली, "मावशी, पॅरिसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या गं. पण मासळीबाजारात मला काही त्यांना तोंड दाखवावं लागत नाही." त्यावरून आम्ही नगरपालिकेचा हॉल मागितला. वुलार्त साहेब कारखान्याचे मालक आहेत तसे सांस्कृतिक खात्याचे उपमहापौरही आहेत. आधी मिळालेला हॉल त्यांनी रद्द केला. मी कचेरीत जाऊन विचारलं. आमच्यात झालेलं बोलणं असं:

"अहो ओदील, कार्निव्हल आलाय. लोकांना जरा हसू द्या की."

"हसतील ना साहेब. सिनेमा बघतील, मग हसतील."

"आणि गावाची बदनामी झाली म्हणजे?"

"सिनेमात गावाचं नावच नाही. तुम्ही बरं ओळखलंत!"

त्यानंतर त्यांनी मला दार दाखवलं. पण जाता जाता, बाहेर मतदार उभे होते म्हणून, मोठ्याने म्हणाले, "रविवारी आमच्याकडे सूप प्यायला या हं! तोंड रंगवलेल्या कुणालाही आमचं दार उघडं आहे." हे वाक्य कचेरीतल्या सगळ्यांनी ऐकलं आहे.

हा जबाब घेणारे फौजदार कासिए साहेब इथलेच असल्याने त्यांना रीत ठाऊक आहे. तरी कागदावर यावी म्हणून सांगते. कार्निव्हलात ज्याने घर उघडं ठेवलं, त्याने तोंड रंगवून आलेल्याला आत घ्यायचं, खायला-प्यायला घालायचं आणि हाकलायचं नाही. रंगवलेल्या तोंडाला नावानेही हाक मारायची नाही, ओळखलं तरी. पुरुष बायकांचे कपडे घालतात. कुणी काही आणलं, वाजवलं, नाचलं, तर यजमानाने ते गोड मानून घ्यायचं. आम्ही जे आणलं ते सिनेमा होता, एवढाच फरक.

रविवारी महापौरांचं गच्चीवरून, रीतीप्रमाणे, गर्दीत हेरिंग मासे फेकून झालं. त्यानंतर ढोल-बासरीच्या मागून, छत्र्या नाचवत, आम्ही वुलार्त साहेबांच्या घरी गेलो. मी पाद्री झाले होते. फ्लोरीनने तोंड निळं रंगवून हेरिंगचं सोंग घेतलं होतं. लीलला गेल्यापासून ती एकदाही कार्निव्हलला आली नव्हती. माझी मैत्रीण गोदलिव्ह दाई झाली होती आणि बाबागाडी ढकलत होती. गाडीत प्रोजेक्टर होता, त्याला टोपडं घातलं होतं.

दारात वुलार्त साहेब केसाळ कोट आणि मोत्यांची माळ घालून उभे होते. त्यांना ती माळ शोभत होती, हे मी मान्य करते. त्यांनी बाबागाडीत वाकून टोपड्यावर हात फिरवला.

"अगं बाई, किती जड बाळ! कुणावर गेलंय?"

"मालकावर," गोदलिव्ह म्हणाली.

मागचे सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गाडी उंबऱ्याच्या आत घेतली. यावरून घुसण्याचा प्रश्न येत नाही.

दिवाणखान्यात माणसं खच्चून भरली होती. कांद्याचं सूप उत्तम झालं होतं. सगळ्यांच्या हातात वाटी आल्यावर मी म्हणाले, "मंडळी, आता पाद्रीबुवांचं प्रवचन. खाली बसा." लोक बसले. पडदा कुठला, असं विचारल्यावरून सांगते की, आमच्यात एक मिशीवाली नवरी होती. तिच्या पोशाखाचा मागे लोळणारा लांबलचक घोळ म्हणजे पांढरी चादर होती. तिने ती सोडून खिळ्यांना अडकवून दिली. त्या नवरीचं नाव सांगा, असं मला विचारण्यात आलं नाही. कासिए साहेबांनी मिशीवरून हात फिरवून पुढे सांगा असं म्हटलं.

सिनेमा सुरू झाल्यावर पहिल्यांदा लोक ओरडत होते, "ती बघ मार्त!", "ओदील, केवढा हा आवाज तुझा!" मग पडद्यावर बर्फाच्या खोलीचं दार लागलं. आतलं काही दाखवलेलं नाही. नुसतं दार दिसतं आणि बाहेर पट्ट्यावरून बांगडे सरकत राहतात. दिवाणखान्यात कुणाचा चमचाही वाजला नाही.

त्या वेळी वुलार्त साहेब उठले आणि वायर ओढायला निघाले. त्यांची पत्नी सिमोनबाई भिंतीजवळ सूप वाढत होत्या. वायर जिथे लावली होती त्या बटणाच्या पुढ्यात त्या येऊन उभ्या राहिल्या. हातात पळी होती. पळी उगारली असं तक्रारीत आहे, ते खोटं आहे. नुसती धरली होती.

"सिमोन, बाजूला हो."

"लुसियें, बस. मला बघायचंय."

"ह्यात बघण्यासारखं काय आहे?"

"लग्नाआधी मी पण त्या पाळीला होते."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. बस म्हणते ना."

साहेब जमिनीवरच बसले, मोत्यांच्या माळेसकट. त्यांच्या धक्क्याने गालिच्यावर सूप सांडलं.

त्यानंतर थोड्या वेळाने, मागच्या रांगेतली हिरव्या टोपातली एक आजीबाई उठली. खांद्याने रुंद होती. तिची चाल कारखान्यातल्या प्रत्येक बाईच्या ओळखीची आहे. लोकांनी तिला वाट करून दिली. कुणी हात लावला नाही. दाराशी गोदलिव्हने तिची छत्री तिच्या हातात दिली आणि "जपून जा हं, आजी," एवढंच म्हणाली. ती आजीबाई कोण, असं विचारण्यात आलं. ते मी सांगणार नाही. रीत म्हणून नव्हे. ते सांगण्याचा पहिला हक्क माझा नाही.

फ्लोरीन सगळा वेळ पडद्याकडे पाठ करून उभी होती. ती लोकांची तोंडं बघत होती. तिथे टोप घातलेले, गालांवर लाली चोपडलेले, परकरातले मोठाले गडी बसले होते आणि त्यांची लाली हनुवटीपर्यंत ओघळली होती. मिशीवाली नवरी रुमालात नाक शिंकरत होती. सिनेमा संपल्यावर कुणाला काय करावं ते कळेना. मग नवरी उठून फ्लोरीनसमोर गेली. कार्निव्हलात भेटलेल्याच्या ओठांवर ओठ टेकायची आमची रीत आहे, त्याला कुणी कधी विचारत नाही. नवरीने विचारलं, "देऊ का?"

फ्लोरीन म्हणाली, "गालावर."

तिच्या गालाचा निळा रंग नवरीच्या मिशीला लागला. त्यावर फ्लोरीन इतक्या मोठ्याने हसली की बाहेरचा ढोलवाला खिडकीतून डोकावला. तिचं ते हसणं मी विसरून गेले होते. मग रांगच लागली. एकेक धटिंगण पुढे यायचा आणि लाजत विचारायचा, "देऊ का?" कुणाला ती हो म्हणाली, कुणाला नुसता हात दिला, एकाला म्हणाली, "तू आधी दाढी कर." मी एवढा आनंद त्या घरात काय, या गावातही कधी पाहिला नव्हता. मी रडले. ढोलवाल्याला आत घेतलं आणि आम्ही नाचलो. सिमोनबाई सगळ्यांत जास्त नाचल्या.

पश्चात्ताप होतो का, असं विचारलं. गालिच्याबद्दल वाईट वाटतं. घासून द्यायची माझी तयारी आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते लिहून घ्यावं. बाहेरच्या बाकावर काही बाया बसल्या आहेत. बाक पुरला नाही म्हणून दोघी जिन्यावर आहेत. एकीच्या कानामागे अजून रंग आहे. त्या मला सोबत म्हणून आल्या आहेत असं दारावरच्या शिपायाला वाटलं आणि त्याने त्यांना घरी जायला सांगितलं. त्या माझ्यासाठी आलेल्या नाहीत. त्या सगळ्या वेगवेगळ्या वर्षी बर्फाच्या पाळीला होत्या. त्यांना आपापलं सांगायचं आहे. पहिला नंबर सिमोन वुलार्त यांचा आहे. फ्लोरीन त्यांच्या शेजारी बसली आहे.

हा जबाब कासिए साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांना थांबावं लागलं. मी बोलले तसाच तो उतरला आहे. खाली सही करते आणि खुर्ची मोकळी करते.

ओदील वांदेवाल