भट्टीची मागची भिंत

…नाही, गॅस वाचला ना, वाचू दे, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी त्या भट्टीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलोय. लोखंड तापवायची गॅसची भट्टी, पुढून नुसती आग, पण मागून कशी… सोसवेल इतकीच गरम. माझ्या कमरेतली चमक तिथेच जायची. क्रेनवाला तिथे डबा ठेवायचा, वेल्डर मोजे वाळत घालायचा. डॉक्टरकडे जातंय कोण?

तर एक दिवस ऊर्जा वाचवणाऱ्या बाई आल्या. हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा, भिंतीवर धरला की पडद्यावर लाल डाग. "काका, ही तुमची गळती." माझी? साहेब म्हणाले, "यांना विचारा हो, यांना भट्टीची नस न् नस ठाऊक." आता साहेबांनी चारचौघांत एवढं म्हटल्यावर माणूस फुगतोच ना… मी गेलो आणि नेमका हात ठेवला. इथे. बाईंनी खडूने फुली मारली. बरोब्बर माझ्या कमरेच्या उंचीवर.

पंधरा दिवस भट्टी बंद ठेवून आतून नवं अस्तर लावलं. चालू झाल्यावर मी पाठ टेकली… गार. डबा गार, मोजे ओले. क्रेनवाला म्हणाला, "जागा दाखवली कुणी रे?" मी वेल्डरचे मोजे पिळायला घेतले.

घरी चप्पल काढायला वाकता येईना, तेव्हा बायकोला सगळं सांगावं लागलं. ती म्हणते, "म्हणजे बावीस वर्षं संध्याकाळी हसतमुख यायचात ते भिंतीमुळे? मला वाटायचं, मला बघून." मी म्हटलं, आधी ती चप्पल तेवढी काढ.

मग सत्कार. साहेब म्हणाले, "गॅस वाचला तो यांच्यामुळे." क्रेनवाल्याला तिथे कळलं. गुच्छ घ्यायला मी जरा वाकलो तो तसाच राहिलो, साहेबांना वाटलं पाया पडतोय, ते म्हणतात, "अहो, असू दे, असू दे…"

परवा बाई पुन्हा आल्या, दोन नंबरची भट्टी तपासायला. कॅमेरा काढून मागच्या बाजूला वळल्या, तर क्रेनवाला, वेल्डर आणि मी, तिघंही ओळीने भिंतीला पाठ लावून उभे. त्यांनी कॅमेरा तसाच पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "राहू द्या काका. कळलं मला."