हात सोलचे करून द्या

…नाही हो काका, मुकी नाहीये मी! बघा, ओठ हलतायत ना? बोलतेच आहे. हां, इथं उजेडात बसते, म्हणजे ऐकू आलं नाही तरी तुम्हाला ओठ वाचता येतील. बुटाची टाच लावता लावता मधूनमधून बघत जा माझ्याकडे, काही निसटलं तर परत सांगेन. मी फक्त शाळेत मुकी आहे. मुलीच्या शाळेत.

का म्हणजे — तोंड उघडलं की आमच्या चोंगजिन गावची बोली बाहेर पडते. उत्तर कोरियातून आलो आम्ही, सात वर्षं झाली. इथं इंचॉनमध्ये भाजी घ्यायला गेलं तरी दोन शब्दांत ओळखतात, ‘तिकडच्या का?’ म्हणून. मुलगी हुशार, टीव्हीसमोर बसून वर्षभरात सोलवाल्यांसारखी बोलायला लागली, सुरयोन नाव टाकून ये-जिन झाली. राहिले मी. आधी ठरलं, आम्ही इथल्याच गँगवॉनच्या डोंगरातले असं सांगायचं, तिथली बोली जराशी आमच्यासारखी वाटते — तर वर्गशिक्षिका बाँगबाई नेमक्या गँगवॉनच्या! गावाचं नाव विचारायला लागल्या. मुलगी घाबरून म्हणाली, ‘बाई, माझ्या आईला बोलता येत नाही.’ झालं. तेव्हापासून येत नाही.

हसा, हसा. सुरुवातीला फार जपायचे. शिंक आली तरी दाबायची — शिंकेला बोली असते का हो? तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा. पण गंमत सांगू? मुकी झाले आणि माझा भाव वाढला. पार्लरवाल्या चूबाई माझ्याजवळ येऊन नवऱ्याची सगळी लफडी सांगतात — ‘तुमच्याशी बोललं की कसं हलकं वाटतं, तुम्ही मध्येमध्ये बोलत नाही.’ पालक समितीच्या बैठकीत जेवणात मासे किती वेळा द्यायचे यावरून सगळ्या आया भांडत होत्या, मला ठसका लागला, मी खाकरले — एकदम शांतता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणे, प्रयत्न करतायत बिचाऱ्या! त्याच दिवशी मला अध्यक्ष केलं. एकमतानं. आधीची अध्यक्ष फार बोलायची.

तर आता शुक्रवारी स्नेहसंमेलन आणि अध्यक्षांचं भाषण. हातांनी करायचं, दुभाषा ते बोलून दाखवणार. मी म्हटलं, त्यात काय, हातांनी तर मला येतंच! परवा तालमीला उभी राहिले, दणक्यात सुरू केलं.  दुभाष्यानं मध्येच हळूच हातांनी विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’ काका, हाताला पण गाव असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! तोंड बंद ठेवून मी पकडले गेले. मुलीला घरी करून दाखवलं तर ती पांढरीफटक पडली — ‘आई, हातसुद्धा तिकडचेच? निदान मुकी तरी इथली हो. शुक्रवारी कुणाला कळलं ना, तर मी त्या शाळेत पुन्हा पाय ठेवणार नाही.’

म्हणून आले. तुमचं दुकान रोज येताजाता बघते, हातांनी गप्पा चाललेल्या असतात. तीन दिवसांत माझे हात सोलचे करून द्या. हां, दाखवा — ‘आभार’ असं? बरं. ‘मुलं’? हे सोपं आहे. ‘शाळा’ — नाही, आम्ही असं करायचो, बघा. हसू नका हो! तुमचंही आम्हाला विचित्रच दिसतं.

काय? कुणाकडून शिकले? बहिणीकडून. ओक-बुन, थोरली माझी. लहानपणी तापात कान गेले तिचे. मी कारखान्यात जायचे, पोरीला तीच सांभाळायची. सुरयोन तोंडानं बोलायच्या आधी मावशीच्या हातांनी बोलली — भूक, झोप, कुत्रा, सगळं. आम्ही सीमेवरची नदी ओलांडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात ओक-बुन गेली. छाती भरली होती. कागदपत्रांबरोबर तिचा फोटो नदीत भिजला, मग… असो. टाचेला खिळे लावताय की नुसतं चिकटवताय? खिळे लावा.

काय म्हणता? पुन्हा करा, सावकाश. हॉलमध्ये… कुणाला… हां, कळणार कुणाला? ते खरं. आयांना काही कळत नाही. दुभाष्याला कळलंच आहे, आणि तो चांगला माणूस दिसतो — म्हणाला, तुम्ही तुमच्याच हातांनी बोला, मी सोलच्या बोलीत सांगेन. म्हणजे चोंगजिनचं बोलणं, तोंड सोलचं. बाँगबाईंना पत्ता लागणार नाही. मग उरलं कोण —

उरली ती.

अख्ख्या हॉलमध्ये माझ्या पोरीला एकटीलाच कळेल. मावशी उभी राहिलीय असं वाटेल तिला.

काल काय झालं सांगू? जेवताना तिच्या उजव्या हातात चमचा, आणि डावा टेबलाखाली. खाली वाकून बघितलं. बोटं हलत होती — ‘सूप खारट झालंय.’ ओक-बुनसारखीच, अगदी तश्शी नाक मुरडल्यासारखी बोटं. वर तोंड कोरं. तिला स्वतःला माहीतही नाही.  सूप खारट होतं, ते खरंच.

नाही, पुढचा शब्द नका दाखवू. ‘बहीण’ तर नकोच. मिटा मूठ. मी बघणार नाही — मान फिरवली, बघा. शिकलेले ते ‘आभार’ आणि ‘मुलं’सुद्धा परत घ्या, मला आता आमचंच आठवायला हवं, शुक्रवारपर्यंत गुंता नको. पोरगी रुसली तर रुसू दे. घरी येऊन भांडेल ना? भांडू दे, तोंडानं नाही तर हातांनी, कशानं का होईना, भांडू दे.

झाला बूट? द्या. किती झाले? — बोटांनी सांगा, पण आकडा तेवढाच. बास. आता हात खाली ठेवा, काका. एक अक्षर बोलू नका.