भाग्यलक्ष्मीला गोलात बसवू नका

नक्को, नक्को, तो फॉर्म आधी बाजूला ठेव—प्रणिता ना तू? कुकटपल्लीहून आलीस, हैदराबादेत राहून मराठी बोलतेस, कानाला बरं वाटलं. पण भाग्यलक्ष्मीला आत्ता गोलात बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणायचं नाही. कळलं? मुसी नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्याला आज नऊ दिवस झाले. एकशे चाळीस माणसं माझ्या शाळेत, संडास चार, त्यातला एक तुंबलेला—आणि तुम्ही विचारता, झोप कशी लागते, एक ते पाच! बाकावर झोपून बघा म्हणावं.

ती? पहिले पाच दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवणाची पाकिटं यायची, आंबूस वास, पोरं तोंड फिरवायची. सहाव्या दिवशी मीच वैतागले, म्हटलं, अम्मा, तूच कर बाई भात—शाळेच्या खिचडीचं मोठं पातेलं काढून दिलं, शेगडी दिली. उठली की! पदर खोचला, तांदूळ निवडले, चार बायका हाताखाली घेतल्या, पोरांवर ओरडायला लागली. ओरडली म्हणजे जिवंत झाली—हे तुझ्या फॉर्ममध्ये कुठं लिहितात? आणि काल शिक्षण खात्याचे साहेब आले, शेगडी बंद करा म्हणाले, नियमात बसत नाही. आज बघ—पुन्हा भिंत.

कोण गेलं तिचं? सासू. भामम्मा. पाण्यात नाही गं... फाटकाशी. म्हणजे—त्या संध्याकाळी सगळे शाळेच्या फाटकाशी आले, आणि मला शाळा उघडायचा लेखी हुकूम नव्हता. किल्ली? होती. माझ्याच पर्समध्ये. दोन तास मी फोन लावत बसले, बाहेर म्हातारी पावसात उभी, ही गज हलवतेय, ‘टीचरम्मा, टीचरम्मा’—थंडी छातीत भरली, चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली म्हातारी. बत्तीस वर्षं नोकरी झाली, नियमाबाहेर पाऊल टाकलं नाही—काय करायचंय त्याचं? ही मला एका शब्दानं बोलली नाही. उलट भात झाला की पहिलं ताट माझ्यापुढं. कसं गिळायचं, सांग ना?

माझं नाव कशाला लिहितेस? मी काय पूरग्रस्त आहे? माझं घर काचीगुड्याला, कोरडं ठणठणीत—मी घरी गेले नाही नऊ दिवसांत, म्हणून काय झालं! खोड ते. पेनानं लिहिलंस? मग फाड. ऊठ, शेगडी पुन्हा पेटवायचीय, सिलिंडर ओसरीवर न्यायचाय, लाव हात—साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते. नाही लावत हात? मग जा बाई, वाट सोड माझी.