म्हशीची फेरतपासणी

चाचणीही चुकू शकते हे मान्य करणं लोकांना किती जड जातं, ते सांगतो. मी कोल्हापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत असताना गडहिंग्लजजवळ मामांच्या गावी दूध संस्थेच्या यंत्राने त्यांच्या दुधात पाणी दाखवलं. सचिव त्यांना संस्थेतून काढायला निघाले.

मी गावी जाऊन त्यांना म्हणालो, "हे यंत्र शंभरातल्या पाच म्हशींचं निर्भेळ दूधही पाणचट ठरवतं. गावात पाणी घालणारे मात्र एखाददुसरेच. म्हणजे ठपका आलेल्यांत निर्दोषच जास्त असणार."

"पावणं, यंत्र खोटं बोलत न्हाय," सचिव म्हणाले.

मामांनी म्हैस संस्थेच्या दारात आणली आणि सर्वांदेखत तपासणीच्या भांड्यातच धार काढली. यंत्राने पुन्हा पाणी दाखवलं.

मामा शांतपणे म्हणाले, "आता हिलाबी संस्थेतनं काढा की."