जुईच्या पुस्तकातलं माझं मरण

माझं माहेर गुहागरचं, वडिलांची पिठाची गिरणी होती, अगदी घराला लागून, त्यामुळे आम्ही भावंडं कायम थोडी पांढरीच असायचो, केसात पीठ, भुवयांवर पीठ, आणि आई म्हणायची की गिरणी थांबल्याशिवाय समुद्र ऐकू येत नाही, आणि खरंच गं, संध्याकाळी पट्टा थांबला की आधी नुसती शांतता यायची आणि मग हळूहळू लाटा यायच्या, लांबून कुणी बोलत येतंय तशा. आता इथे डार्मश्टाटला तीसएक वर्षं झाली असतील, पण अजूनही आमच्या कँटीनमधली भांडी धुवायची मशीन बंद झाली की मी उगाच कान देते, आणि काय ऐकू येणार, ट्रॅम ऐकू येते. तू लिहून घेतेयस ना, की नुसती ऐकतेयस? नुसती ऐकलीस तरी चालेल.

तर लग्न होऊन मी चिंचवडला गेले, हे तिथे गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंगं करायचे, हे म्हणजे तुझे काका, मी अजून नाव घेत नाही त्यांचं, आणि कंपनीने ह्यांना दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं, ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. पहिला बर्फ पडला तेव्हा मी खिडकीत उभी होते, आणि मला वाटलं वर कुणीतरी दळण काढलंय, असं मऊ, आवाज नाही काही नाही, आणि मी तशीच उभी राहिले, किती वेळ ते कळलंच नाही, हे ऑफिसातून आले तरी मी आपली खिडकीत, म्हणाले अगं दिवा तरी लाव. मग जुई झाली, ती किंडरगार्टनला जायला लागली तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये लागले, मेन्सामध्ये, तुला काय सांगायचं, तू तिथेच जेवलीस की, आपली मराठी पोरं ट्रे पुढे करून हळूच म्हणतात काकू, भात थोडा जास्त, आणि मी जर्मनमध्ये ओरडल्यासारखं करते आणि डाव भरून घालते.

जुई इथली. म्हणजे मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये. मी वेणी घालताना बोलत बसायचे, गुहागरचं, आईचं, कुठलंही, आणि ती म्हणायची जा, मामा, गेनाऊ, मामा, म्हणजे हो आई, बरोबर आई, डोकं पुस्तकात. तूच मागे सांगितलंस ना, तुझ्या त्या अवकाशयानांच्या ऑफिसात इथून बोललेलं वर पोचायला वेळ लागतो आणि उत्तर यायला आणखी वेळ, आमचं तसंच होतं बघ, मी बोललेलं कुठेतरी जायचं, पोचलं की नाही ते काही कळायचं नाही. बाहेर तिला सगळे युई म्हणायचे, जर्मनमध्ये तसंच वाचतात, आणि घरी ती जुई, मला कधीकधी वाटायचं आपल्याला दोन मुली आहेत आणि एकीशी आपली नीटशी ओळख नाही.

मग ती ह्यांच्यासारखीच मशीनबिनचं शिकायला लागली, हे खूश, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि त्याच वेळी युनिव्हर्सिटीत एक बाई आल्या, एका सेमिस्टरपुरत्या पाहुण्या, अमेरिकेतल्या, पण मूळच्या डोमिनिकन, म्हणजे ते बेट आहे ना तिकडे खाली, तिथल्या. कादंबऱ्या लिहायच्या, मोठं नाव होतं म्हणे. त्यांच्या लिहायच्या वर्गाला जुई मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून गेली आणि तिथेच राहिली असं म्हण. एकदा म्हणाली मामा, त्या इथे एकट्या असतात, जेवायला बोलावू या का, तर मी म्हटलं बोलाव की. आफ्रिकन दुकानातून मी ती मोठी हिरवी केळी आणली, तिखटमीठ हळद लावून काप केले, आमटीभात केला, आणि बाईंनी एक काप उचलला, तोंडात घातला आणि हसायलाच लागल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या माझी आई हेच करायची, फक्त तिखट नाही, आणि बाटलीच्या बुडाने चेपायची. मी दुसऱ्यांदा तळायला घेतले तेव्हा त्या माझ्याबरोबर गॅसपाशी उभ्या राहिल्या.

त्यांनी त्यांचं सगळं सांगितलं त्या दिवशी, इंग्लिशमध्ये, सावकाश, मला कळेल असं. लहानपणी बेटावरून न्यूयॉर्कला आल्या, आई कपडे शिवायच्या कारखान्यात, कुठल्याही ऑफिसात गेलं की ही एवढीशी पोर आईसाठी दुभाषी. मोठी होऊन तिने ते सगळं लिहिलं, पहिलंच पुस्तक गाजलं, आणि आई बोलायची बंद. का तर घरातलं चव्हाट्यावर आणलं. मग पुष्कळ दिवसांनी आईचा फोन आला, कुणीतरी तिला थोडं वाचून दाखवलं होतं, आणि काय म्हणाली असेल, म्हणाली मी एवढी जाड नव्हते. आम्ही सगळे हसलो, हेसुद्धा हसले. पुढे बाईंची आणखी पुस्तकं आली, बक्षिसं मिळाली, कॉलेजात शिकवायला लागल्या, पण त्या पहिल्या पुस्तकाचं स्पॅनिश होईपर्यंत आई गेली. माझ्या आईने माझं एक पान वाचलं नाही, असं म्हणाल्या, आणि ताटातला भात बोटाने गोळा करत बसल्या. जुई जेवायची थांबली होती, मी बघितलं.

त्यानंतर जुईने शिक्षण सोडलं. थोडंच राहिलं होतं गं. ह्यांना ते लागलं, फार लागलं, ओरडले नाहीत, तेच तर वाईट, जेवताना तिच्याशी हवामानाचं बोलायचे. ती एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागली, लिहायची, कुठे कुठे छापून यायचं, एक पुस्तक परत आलं, दुसरं परत आलं, आणि मग फ्रँकफुर्टच्या एका प्रकाशकाने तिसरं घेतलं, आईबद्दलचं. हे म्हणाले बघू. मी रोज ट्रॅममध्ये ते वाचायचे, एकेक पान, माझं जर्मन म्हणजे मेन्साचं जर्मन, भाजी, भांडी, सुट्टी, तर त्या वाक्यांतून मी अशी चालायचे जसं धुक्यात आपल्याच गल्लीतून चालावं, मध्येच ओळखीचं काही दिसायचं, माझी निळी साडी, पडवीतला झोपाळा, आणि स्टॉप निघून जायचा. शेवटापर्यंत मी पोचलेच नव्हते, आणि तेवढ्यात फ्रँकफुर्टला जुईच्या वाचनाचा कार्यक्रम आला. इथे लोक तिकीट काढून दुसऱ्याने वाचलेलं ऐकायला येतात, आहे की नाही गंमत. कार्यक्रम संपला आणि एक म्हातारी जर्मन बाई जुईकडे आली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली माइन बायलाइड, म्हणजे तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, तुमच्या आईचं वाचून मी रडले. जुई लाल झाली. मी शेजारीच उभी, हातात तिचा कोट. त्या बाईने मला विचारलं आपण कोण, मी म्हटलं, जी गेली ना ती मीच.

घरी येताना गाडीत तिचा कोट माझ्या मांडीवरच राहिला. आल्झो, म्हणजे तर, जुई म्हणाली शेवटी, मामा, मी सांगणार होते. हे पुढे बघत गाडी चालवत होते, म्हणाले पोटची मुलगी जिवंत आईला मारते आणि लोक टाळ्या वाजवतात, आणि मग कित्येक महिने ते जुई आली की बाल्कनीत जाऊन उभे राहायचे, थंडीत सुद्धा. मला राग आला होता का, असं तू विचारतेस, तर काय सांगू तुला, राग नाही, मला नुसतं बघावंसं वाटत होतं, कशी मेले मी, कुठे मेले, कोण होतं जवळ. कुणाला मिळतं गं असं बघायला? त्यात भाच्याने इथल्या पेपरातलं मोबाईलवर मराठी करून वाचलं आणि गुहागरला वहिनीला सांगितलं, वहिनीचा रडत फोन, ह्यांच्यासाठी, आणि उचलला मी. माझा आवाज ऐकला आणि तिचं रडणंच थांबलं. मग म्हणाली अगं मेल्ये, तू बोलत्येस, जा, आयुष्य वाढलं तुझं. आपल्यात म्हणतात ना, खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. मी ह्यांना सांगितलं, अहो, पोरीने आयुष्य वाढवलं माझं. ते बाल्कनीतच.

मग पुण्याच्या एका प्रकाशकांनी ते मराठीत मागितलं, आणि जुई माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात बसली, म्हणाली मामा, तू कर. मी म्हटलं मला काय येतंय, आठवीनंतर निबंध लिहिला नाही मी. ती म्हणाली त्या बाईंच्या आईचं झालं तसं मला नको आहे, तू वाचायला हवंस, तुझ्या भाषेत, आणि तुला जे नको वाटेल ते बदल. तिला माझ्याशिवाय कुणाकडून ते करून घ्यायचं नव्हतं आणि मी नाही म्हटलं असतं तर तिने पुण्याला नकार कळवला असता, एवढं मला कळलं. हे म्हणाले अभद्र आहे, स्वतःचं मरण स्वतःच्या हाताने लिहायचं. पण मी बसले. मेन्सातून आले की चहा घ्यायचा आणि जेवणाच्या टेबलावर लिहायचं, अडलं की जुईला फोन, तिने जर्मनमध्ये समजवायचं, मी मराठीत म्हणायचं असं का गं म्हणालीस, आणि असे उन्हाळा हिवाळा गेले, मला वाटतं माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस, मी गुहागरलाही होते आणि इथेही, कुकर व्हायचा आणि समुद्रावरचा वारा यायचा.

आणि मग ते प्रकरण आलं. पुस्तकातली आई एकटीच गुहागरला जाते, कुणाला न सांगता, पडवीत अंथरूण घालून घेते, आणि तिची मुलगी विमानाने मुंबईला, मग बसने, आणि कशेडी घाटात बस अडकते, पुढे एक ट्रक आडवा, आणि इकडे आई दाराकडे बघत राहते, बघता बघता जाते. मी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. कारण ते माझं नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं. जुई किंडरगार्टनला होती तेव्हा फोन आला की ये, आईचं काही खरं नाही, मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघाले, आणि कशेडीत बस तशीच थांबली, लोक खाली उतरून विड्या ओढत होते, कुणी शेंगा खात होतं, छान वारा होता, ते मला अजून दिसतं. घरी पोचले तर सगळं उरकलं होतं, आपल्यात थांबवत नाहीत ना. वहिनी म्हणाली शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून होत्या. हे मी जुईला कधी सांगितलं असेन, वेणी घालताना सांगितलं असेन, कितीदा, आणि ती म्हणाली असेल जा, मामा. मला वाटायचं ती ऐकत नाही.

पुष्कळ दिवस मी काहीच लिहिलं नाही. ह्यांनी विचारलं झालं का, मी म्हटलं नाही. मग एका रविवारी बसले आणि लिहिलं, सरळ लिहिलं, खोडाखोड नाही, आणि जुई आली तेव्हा तिला वाचून दाखवलं, तिला देवनागरी वाचता येत नाही. हे बाल्कनीत होते, दार उघडं. मी वाचत गेले, पडवी, वारा, दाराकडे बघणारी आई, घाटात थांबलेली बस, आणि मग ट्रक बाजूला होतो, बस सुटते, मुलगी अंगणात येते, चपला काढते, आईच्या उशाशी बसते आणि आईचा हात अजून ऊनऊन असतो, आई तिच्याकडे बघते आणि मग जाते. जुई म्हणाली मामा, दास श्टेट दा निश्त, असं नाहीये त्यात. मी म्हटलं ठाऊक आहे. ती म्हणाली पण मग सगळं पुस्तकच बदलतं, ती पोचत नाही म्हणून तर पुस्तक आहे. बरोबरच होतं गं तिचं, ती लेखिका आहे, तिला कळतं. मी कागद आवरायला लागले. तेवढ्यात हे आत आले, तिच्याशी थेट बोलायला किती दिवसांनी तोंड उघडलं कोण जाणे, म्हणाले राहू दे जुई, एकीला तरी पोचू दे.  जुई म्हणाली ओके, बाबा.

आता ते पुण्याला छापायला गेलंय. वहिनीला मी सांगून ठेवलंय की त्यात मी मरते, घाबरू नकोस, ती म्हणाली आणखी वाढलं आयुष्य, किती जगणार आहेस. जुईचं पुढचं लिहिणं चालू आहे, कशाबद्दल ते सांगत नाही, हे विचारतात तिला, म्हणजे हवामानाचं विचारून झाल्यावर. मला सुट्टी लागेल तेव्हा मी गुहागरला जाईन, पण इतक्यात नाही. जर्मन वाचणाऱ्यांची ती मुलगी घाटात राहते आणि आपल्या माणसांची पोचते, असू दे तसं. तुझी आई नाशिकला ना? मग तूही जेव्हा निघशील तेव्हा तुला रस्ता मोकळा मिळू दे, वेळेत पोच बाई, एवढंच म्हणते मी.