जपानी मशीनला कुंकू कुठं लावायचं

आमच्या ढोकीच्या मामीचं सांगतो. गेल्या साली मामानं जपानहून आलेलं ऊसतोडणीचं मशीन घेतलं. मामीनं पूजा केली अन् समोरच्या भिंगाला ठसठशीत कुंकू लावलं. मशीन जागचं हलेना. ऊस तसाच उभा.

चौथ्या दिवशी कंपनीचा जपानी इंजिनिअर आला. त्यानं भिंग पुसलं, मशीन सुरू. सोबतचा दुभाष्या म्हणाला, "मावशी, हा मशीनचा डोळा आहे. इथं काही लावू नका."

मामी म्हणाली, "सासऱ्यांचं विहिरीवरचं इंजिन विलायतेहून आलतं. जल्मभर कुंकू लावलं, कधी रुसलं न्हाय. बिनकुंकवाचं मशीन म्या रानात जाऊ देणार न्हाय."

दुभाष्यानं ते जपानीत सांगितलं, तसं इंजिनिअरनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

औंदा शेजाऱ्यानं तसलंच नवं मशीन आणलं. भिंगाच्या वर पत्र्याची एक पट्टी, तिच्यावर मराठीत लिहिलेलं: 'कुंकू इथे लावावे.'

मामीनं ते दोनदा वाचलं अन् मामाला म्हणाली, "त्या जपान्याला हुरड्याला बोलवा."